लिस्बनचे थर वाचायला शिका: नवख्यांसाठी पायवाट

लिस्बनला जाण्याआधी एकच तारीख पाठ करून ठेवा: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण होता. चर्चं माणसांनी भरलेली होती, वेदीवर मेणबत्त्या जळत होत्या. सकाळी साडेनऊनंतर जमीन हादरली. भिंती कोसळल्या, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि थोड्याच वेळात तेजू नदीच्या मुखातून समुद्र शहरात घुसला. आग कित्येक दिवस विझली नाही. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं, तर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्याला तेव्हा १६ वर्षं झाली होती.

या शहरात प्रत्येक भिंतीला विचारायचा पहिला प्रश्न याच तारखेतून येतो: भूकंपाच्या आधीची की नंतरची? हा प्रश्न विचारायची सवय लागली की लिस्बनशी ओळख होते. ती नसेल तर पिवळी ट्राम, निळ्या फरशा आणि उतारावरची घरं एवढंच पदरात पडतं. पुढची वाट चार दिवसांची आहे. तीन दिवसांत कोंबता येते, पण त्यात सगळ्यांत जास्त हाल गुडघ्यांचे होतात.

निघण्याआधी

बुटांपासून सुरुवात करा. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे असतात. याला तिथे काल्साडा म्हणतात. पांढऱ्या दगडांत काळे दगड बसवून नक्षी काढतात. दगड पायांनी घासून गुळगुळीत होतो आणि पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखा निसरडा. रबरी, खाचा असलेला तळवा हवा. चामडी तळव्याचे नवे बूट घरी ठेवा. पावसात उतरताना शेजारी पायऱ्या असतील तर उताराचा रस्ता सोडून पायऱ्यांनीच उतरा.

दुसरी गोष्ट प्रवासाचं कार्ड. मेट्रो स्टेशनवरच्या यंत्रात 'नावेगांते' नावाचं कागदी कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. माणशी एक कार्ड लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यावर 'झॅपिंग' म्हणजे सुटी रक्कम भरा. ट्राम, बस, मेट्रो आणि शहराच्या पश्चिमेकडच्या बेलें भागाला जाणारी लोकल, सगळीकडे ते चालतं. नवखे हमखास इथे चुकतात: सुटी रक्कम शिल्लक असताना त्याच कार्डावर २४ तासांचा पास भरायला जातात आणि यंत्र नकार देतं. एका कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचं तिकीट राहतं. दोन्ही हवी असतील तर दोन कार्डं घ्या आणि कोणतं कशाचं ते पेनाने लिहून ठेवा. ट्राममध्ये चढून चालकाकडे रोख तिकीट घेतलं तर जवळपास दुप्पट पैसे जातात.

तिसरी गोष्ट वारांची. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि कार्मु मठातलं रविवारी. जुन्या वास्तूंची दुरुस्ती सतत चालू असते, तेव्हा बेलेंचा बुरुज आणि फरशांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडं आहे ना, हे निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहा. रेंगाळलेल्या कामाला लिस्बनकर 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. त्या नावाच्या चर्चचं बांधकाम १६८२ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं!

नकाशा वाचताना रस्त्याच्या नावातला पहिला शब्द बघा. 'रुआ' म्हणजे साधा रस्ता. 'काल्साडा' नावात असेल तर चढ समजा, 'इश्कादिन्याश' असेल तर पायऱ्या, 'बेकु' असेल तर बहुधा पुढे बंद होणारी बोळ. मोबाइल दोनशे मीटर दाखवतो, पण त्यातले दीडशे पायऱ्यांचे असू शकतात.

पहिला दिवस: आधीचं शहर, डोंगरावर

सकाळी लवकर, शक्यतो आठच्या आत, सांता लुझियाच्या सज्जावर पोचा. चढ टाळायचा असेल तर खालच्या बायशा भागात रुआ दुश फांकैरुशवर सरकारी लिफ्ट आहे, फुकट. ती रुआ दा मादालेनापर्यंत वर नेते. समोरचा छोटा चौक ओलांडला की जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे. ती किल्ल्याच्या टेकडीच्या कुशीत सोडते. पर्यटकांची रांग २८ नंबरच्या ट्रामला लागते. या लिफ्टने भाजीच्या पिशव्या घेऊन आजीबाई जात असतात.

सज्जावरून नदी सगळेच बघतात. तुम्ही आधी पाठ फिरवून चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीवरचं निळं फरशीचित्र बघा. त्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक आहे, भूकंपाआधी होता तसा. हे चित्र विसाव्या शतकातलं आहे, पण दाखवतं ते हरवलेलं शहर. त्याचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या चौकात उभं राहून तो उघडायचा आहे. शेजारच्या चित्रात ११४७ सालचा किल्ल्यावरचा हल्ला आहे. त्या वर्षी आफोन्सु एन्रिकेश या राजाने उत्तरेकडून आलेल्या धर्मयोद्ध्यांच्या मदतीने अरबी अंमलातलं शहर घेतलं.

किल्ल्याबद्दल एक सावधगिरी. वरचे कंगोरेदार तट पाहून मन भारावतं, पण त्यांतला बराच भाग १९३८ ते १९४० च्या जीर्णोद्धारातला आहे. तिकीट काढलंत तर तटांवर फोटो काढण्यात वेळ घालवू नका. आतल्या उत्खननाकडे जा. तिथे अरबी काळातल्या घरांचे पाये आणि त्याखाली लोहयुगातल्या वस्तीच्या खुणा उघड्या ठेवल्या आहेत.

आता आल्फामा या जुन्या वस्तीत उतरा. हे नाव अरबीतल्या 'अल्-हम्मा'वरून आलं, म्हणजे गरम पाण्याचा झरा. आपल्या 'हमामा'चंही मूळ तेच. आल्फामा कठीण खडकावर आहे म्हणून भूकंपात तुलनेने वाचलं. खालचं बायशा नदीच्या गाळावर होतं, ते पडलं. इथे नकाशा खिशात ठेवा आणि उताराच्या दिशेने चाला. कुठूनही उतरलात तरी नदीशीच पोचता. मात्र या बोळांमध्ये माणसं राहतात, आणि पर्यटकांच्या भाड्याच्या खोल्यांमुळे त्यांची संख्या घटत चालली आहे. खिडकीतून आत कॅमेरा रोखू नका. रात्री दगडांवरून चाकांची बॅग ओढलीत तर अख्खी गल्ली जागी होते, ती उचलून न्या.

वाटेत रोमन रंगमंडलाचं छोटं संग्रहालय लागतं. ऑगस्टसच्या काळात बांधलेलं हे नाट्यगृह शतकानुशतकं घरांखाली गाडलं गेलं होतं. ते १७९८ मध्ये सापडलं, तेही भूकंपानंतरच्या बांधकामात. अर्ध्या तासात बघून होतं.

दिवसाचा शेवट काझा दुश बीकुशपाशी करा. नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या या घराचा दर्शनी भाग हिऱ्यासारख्या टोकदार कापलेल्या दगडांचा आहे. १५२३ मध्ये ते ब्राझ द आल्बुकेर्कने बांधायला घेतलं. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कचा हा मुलगा. आपल्या हापूसचं नाव त्याच आफोन्सुवरून आलं असं मानतात. समोर उभं राहून मजले मोजा. खालचे दोन आधीचे. वरचे दोन भूकंपात गेले आणि १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. रेषा डोळ्यांनी शोधा, सापडते. मग तळमजल्यावर जा, तिथे प्रवेश फुकट असतो. जमिनीखाली मासे खारवण्याची रोमन टाकी आणि जुन्या तटाचा तुकडा आहे. एकाच दारातून रोम, मध्ययुग, गोव्याचा पैसा, भूकंप आणि विसावं शतक दिसतं. पूर्ण दिवसात एकच जागा बघायची असेल तर ही बघा.

दुसरा दिवस: नंतरचं शहर आणि त्याच्या पायाखाली

बायशा आधी वरून वाचा, मग खालून.

नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियु चौकात उभं राहून कालचा फोटो उघडा. लिस्बनकर अजूनही या चौकाला 'तेरैरु दु पासु' म्हणतात, म्हणजे वाड्याचं पटांगण. वाडा १७५५ मध्ये गेला, नाव तोंडात राहिलं. याच नदीकाठी 'काझा दा इंदिया' ही कचेरी होती. गोवा, चौल, वसई, कोची इथल्या मिऱ्यांचा आणि कापडाचा हिशोब तिथे लागत असे. तीही गेली. जागेवर शोधू नका, काही उरलेलं नाही.

चौकातून कमानीखालून आत शिरा. समोरचे रस्ते आखणीच्या दोरीसारखे सरळ. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याच्या कारकिर्दीत मान्युएल दा माया, एउजेनियु दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल या अभियंत्यांनी हा भाग आखला. ढिगारा पसरून जमीन सपाट केली आणि त्यावर नवे रस्ते काढले. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: प्राता म्हणजे चांदी, ओरु म्हणजे सोनं, सापातैरुश म्हणजे चांभार, कुर्रेएरुश म्हणजे खोगीर-पट्टे करणारे. पुण्यातल्या बोहरी आळी आणि तांबट आळी आठवतील.

आता वर बघा. सगळ्या इमारतींच्या खिडक्या एकाच मापाच्या का, तर भाग आधीच तयार करून आणता यावेत म्हणून. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर डोकावते, ती आग पलीकडे जाऊ नये म्हणून. भिंतीच्या आत जे आहे ते बाहेरून दिसत नाही: लाकडी वाशांची चौकट, प्रत्येक चौकोनात तिरके वासे फुलीसारखे ठोकलेले. याला 'गायोला' म्हणतात, पिंजरा. हादरा बसला की लाकूड वाकतं, चिरा पडतात, दगड-विटांचं काम कदाचित गळून पडतं, पण पिंजरा उभा राहतो. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची चाचणी घेतली, असं सांगतात. नंतरच्या शतकांत दुकानांसाठी तळमजल्याच्या भिंती काढताना कुठे कुठे हा पिंजराच कापला गेला. बायशाविषयी काळजी वाटावी अशी गोष्ट असेल तर ही.

खालून वाचायचं ते रुआ दुश कुर्रेएरुशवर. एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन आहे. १९९० च्या दशकात इमारतीच्या दुरुस्तीसाठी खणताना ते हाती लागलं. प्रवेश फुकट असतो, पण वाटाड्याबरोबरच आणि आधी नाव नोंदवून. इंग्रजी फेरी हवी असेल तर नोंदवतानाच सांगा. नोंदणी न करता दारात गेलात तर परत फिरावं लागण्याची शक्यता जास्त, आणि बहुतेकांची ही जागा अशीच हुकते.

आत लोखंडी पुलांवरून चालायचं असतं. खाली चौकोनी दगडी टाकी आहेत, आतून गुलाबीसर गिलावा केलेली. कोपरे गोलसर आहेत, घासायला सोपे जावेत म्हणून. त्यांत मासे आणि मीठ थरांवर थर घालून मुरवत आणि गारुम नावाचं खारट कालवण रांजणांत भरून साम्राज्यभर पाठवत. कोकणात ज्यांच्या घरी खारवलेली मासळी होते त्यांना इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या ते पाचव्या शतकापर्यंत हा धंदा इथे चालला.

टाक्यांशेजारी काळपट लाकडाची टोकं दिसतात. वाटाडे पुढे सरकले तरी तिथे थांबा. ते पोंबालच्या काळातले पाइनचे खुंटे आहेत. गाळात ठोकलेले, वर आडव्या तुळया, त्यावर दगडी पाया, त्यावर तुम्ही आत्ता बघून आलेली चार मजली इमारत. लाकूड सव्वादोनशे वर्षांहून जास्त टिकलं, कारण ते पाण्यात बुडालेलं आहे. ओल्या गाळात हवा नाही, हवेवाचून लाकूड कुजत नाही. भूजल खाली गेलं आणि खुंट्याचं टोक उघडं पडलं की कूज सुरू होते. म्हणून बायशात तळघर खणणं किंवा भुयार काढणं हा नेहमीच नाजूक विषय असतो. रोमन टाकी फोडून आरपार गेलेला एखादा खुंटा दिसला, तर 'नंतरच्या' शहराने 'आधीच्या' शहरावर कसा पाय रोवला ते हाताच्या अंतरावर दिसतं.

तिसरा दिवस: न बुजवलेल्या जखमा

सकाळी कार्मु मठ. १३८९ मध्ये स्थापन झालेल्या या चर्चचं छप्पर भूकंपात कोसळलं, आणि आजही डोक्यावर आकाश आहे. पण इथे प्रश्न जरा सावकाश विचारा. भूकंपानंतर १७५६ मध्ये पुन्हा बांधकाम सुरू झालं होतं, १८३४ मध्ये ते थांबलं. ज्या उंच कमानी बघून सगळे उसासे टाकतात, त्यांतल्या काही नंतरच्या आहेत, जुन्या शैलीत बांधलेल्या. दगडाचा रंग आणि खांबांची घडण जुळवून बघा.

बाहेरच्या छोट्या चौकाला आपल्याशी थेट जोडणारा एक थर आहे. शेजारच्या लष्करी ठाण्यात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही सरकारच्या प्रमुखाने शरणागती पत्करली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झालं होतं, पण पोर्तुगालने ते कागदोपत्री मान्य केलं नव्हतं. या चौकातल्या दिवसानंतर, १९७४ च्या ३१ डिसेंबरला, भारताच्या सार्वभौमत्वाला मान्यता देणारा करार दिल्लीत झाला. झाडाखाली बाक आहेत. दहा मिनिटं बसा.

मग खाली रोसियु चौक. तिथल्या लाटांच्या नक्षीची फरसबंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. चौकाच्या टोकाला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, १८४६ मध्ये उघडलेलं. त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडता, जे न्यायालय माणसांना छळत होतं, त्याच्या दोऱ्या लिस्बनच्या हातात होत्या. जवळच साओ दोमिंगुश चर्च आहे. याच परिसरातून १५०६ मध्ये धर्मांतरित ज्यूंचं हत्याकांड सुरू झालं. बाहेर त्याचं स्मारक आहे. चर्च भूकंपात पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि १९५९ मध्ये आगीत होरपळलं. त्यानंतर छप्पर नवं घातलं, पण खांब तडकलेले, भाजलेले तसेच ठेवले. भरजरी चर्चं बघून थकलेल्या डोळ्यांना ही भिंत खरं काहीतरी सांगते. आत प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहा, फिरू नका.

चौथा दिवस: बेलें

काइश दु सोद्रे स्थानकातून लोकल पकडा. १५ नंबरची ट्रामही जाते, पण ती खचाखच भरते आणि पाकीटमार तिथे जास्त. बेलेंला भूकंपाची झळ कमी लागली, म्हणून इथे 'आधीचं' सलग दिसतं.

जेरोनिमुश मठापाशी दोन रांगा असतात. लांब रांग मठाच्या आवाराची, तिकिटाची. चर्चचं दार वेगळं. नीट विचारून उभे राहा, नाहीतर चर्चसाठी आलेला माणूस तासभर भलत्या रांगेत तिष्ठतो. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, आधी तिथेच पुरला गेला.

बेलेंच्या बुरुजावर चढायला जमलं नाही तरी हरकत नाही. मुख्य गोष्ट बाहेरूनच बघायची आहे. पश्चिमेकडच्या पहारा-मनोऱ्याच्या तळाशी, झिजलेलं, गेंड्याचं दगडी डोकं आहे. लहान दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम लागेल. गुजरातच्या सुलतानाने आफोन्सु द आल्बुकेर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्तीच पळाला, असं नोंदलेलं आहे. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो जीव बुडून मेला. तेव्हा बुरुजाचं काम चालू होतं. कोण्या पाथरवटाने त्याला भिंतीत जागा दिली.

कान उघडे ठेवा

भाषा येत नाही म्हणून बुजू नका. भाजीवाल्याकडे बटाट्याला 'बाताता' म्हणतात, कोबीला 'कोव', अननसाला 'अनानाश'. बेकरीत 'पांउ' मागा. किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवर 'शावश' लिहिलेलं असतं, तीच आपली चावी. लिलाव तिथे 'लैलांउ', बादली 'बाल्द', घमेलं 'गामेला'. काउंटरवर 'पागार' दिसलं तर तो पगार नव्हे, पैसे भरायची जागा. शब्द मात्र एकच.

मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लाराच्या पटांगणात जुना बाजार भरतो. जरूर फिरा, पण सुट्या जुन्या फरशा विकत घेऊ नका. त्यांतल्या कितीतरी घरांच्या दर्शनी भिंतींवरून रात्रीत उखडलेल्या असतात. आठवण हवी असेल तर कारखान्यातून नवी, पावतीसह घ्या.

गोव्यातल्या घराण्याचे कागद शोधायचे असतील तर तोरे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यात जावं लागतं. किल्ल्याच्या ज्या बुरुजात हे दप्तर होतं तो भूकंपात पडला, कागद वाचवले गेले, नाव बुरुजाचंच राहिलं. आधी घरबसल्या त्यांची संगणकीय सूची चाळा, दप्तराचे क्रमांक टिपून घ्या, पासपोर्ट बरोबर ठेवा. क्रमांकाशिवाय गेलात तर पहिला दिवस सूची चाळण्यातच संपतो.

आणि पुन्हा जायचं ठरलं तर एप्रिल किंवा सप्टेंबर बघा. रुआ दा कोन्सैसांउवर, २८ नंबरची ट्राम जाते त्याच रस्त्यात, एक झाकण आहे. खाली रोमन काळातली दगडी भुयारं आहेत, १७७१ मध्ये सापडलेली. तीसुद्धा गाळावर इमारती तोलण्यासाठीच बांधलेली. वर्षभर त्यांत पाणी भरलेलं असतं. वर्षातले मोजके दिवस ते उपसतात, रस्ता बंद करतात आणि झाकण उघडतात. तिकिटं जाहीर होताच संपतात, म्हणून महिनाभर आधीपासून नगरपालिकेच्या संग्रहालयाच्या घोषणांवर नजर ठेवा. जाताना जुने बूट घाला, खाली चिखल असतो.